बासष्ट रुपयांचं बिल

चाकणच्या बाजारात कांद्या-बटाट्याची अडत चालवणाऱ्या आबाजींनी मोटारीच्या दुरुस्तीची बिलं आजवर न कुरकुरता फेडली होती. पुण्याच्या गॅरेजवाल्याने पंच्याऐंशी लावले, दिले. ब्याण्णव लावले, दिले. पण त्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर सयाजी दापोडीहून बासष्ट रुपयांचं बिल घेऊन आला आणि आबाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. बिल चढं आलं म्हणून ओरडणारे मालक पुष्कळ असतात. उतरतं आलं म्हणून ओरडणारा मात्र सयाजीच्याच वाट्याला यायचा होता.

“ह्ये काय रं?” आबाजींनी पेढीवरच्या गादीवर बसूनच विचारलं.

“शाफ्टचं काम, आबा. क्रॉस नवा घातला, शाफ्ट लेथवर चढवून सरळ करून घेतला, आन चाकांची लाईन काढली.”

“ह्येच काम दिवाळीच्या आधी पुण्यात केलंस. तवा ब्याण्णव पडले.”

“व्हय.”

“मग आता तीस रुपये कुठं गेले?”

 उत्तर सयाजीच्या जिभेवर तयार होतं, पण ते बाहेर काढायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

“वीस रुपयांचं भंगार घातलंस आन वर चाळीस कमावलेस, असं मी म्हनलो तर?” आबाजींनी अंगात कोट चढवला. “काढ गाडी. बघू दे मला तुजा कारागीर. माल जुना निघाला तर तू तिथंच उतरायचं. सांजच्याला वखारीमागली खोलीबी मोकळी करायची.”

त्या खोलीत सयाजीची बायको विमलबाई होती, दोन लेकरं होती आणि त्याची आंधळी आई होती. नोकरी गेली तर डोक्यावरचं छप्परही त्याच दिवशी जायचं. त्याने काळ्या अमेरिकन मोटारीचं दार उघडलं.

आता खरी गोष्ट काय होती ते सांगितलं पाहिजे. गॅरेजात गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरला रुपयामागे दोन आणे दस्तुरी मिळे. ती मागावी लागत नसे, लपवावीही लागत नसे. बिल चुकतं झालं की गॅरेजवाला चहाच्या कपाशेजारी ठेवून देई. सयाजीही घेत होता. सगळेच घेत होते. अर्थात गॅरेजवाला काही आपल्या घरातून दान करत नसे. दोन आणे ड्रायव्हरचे आणि त्या आडोशाने आणखी चार आणे स्वतःचे, असे तो मालकाच्याच बिलात चढवी.

दिवाळीच्या आधी पुण्यात शाफ्टचं काम झालं आणि महिनाभरात गाडी पुन्हा थरथरायला लागली. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा तो दांडा खालून ठणठण आपटायचा, स्टेअरिंग डावीकडे ओढायचं. एकदा मोशीच्या उतारावर, आबाजींच्या पत्नी शालनबाई मागे बसलेल्या असताना, गाडी सरळ इंद्रायणीवरच्या पुलाच्या कठड्याकडे निघाली. सयाजीने दोन्ही हातांनी ओढून ती कशीबशी रस्त्यावर आणली. शालनबाई मागे झोपल्या होत्या, त्यांना काहीच कळलं नाही. सयाजीला मात्र रात्र रात्र झोप येईना.

तो पुण्याला भांडायला गेला तेव्हा गॅरेजवाला हसला. “दस्तुरी घेताना काही बोलला नाहीस,” एवढंच म्हणाला.  तेव्हाच सयाजीने ठरवलं, या कामात पुन्हा एक आणासुद्धा घ्यायचा नाही. दापोडीला मुंबई रस्त्याच्या कडेला उस्मानाबादकडच्या ज्योतीरामने नवी शेड टाकली होती. “दस्तुरी मी कुणालाच देत नसतो बगा,” असं त्याने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, आणि म्हणूनच बहुतेक ड्रायव्हर त्याच्या शेडवरून पुढे निघून जात.

मोशी गेली, भोसरी गेली. गाडी अशी चालत होती की स्टेअरिंगला बोट लावलं तरी पुरे. आबाजींना त्याचं काही नव्हतं. ते मागे बसून सयाजीच्या मानेकडे बघत होते आणि त्यांची नजर सयाजीला टोचत होती. ज्योतीराम खोटं बोलणारा माणूस नाही, हेच आता त्याचं भय होऊन बसलं होतं. तो सहज बोलून जाईल, की मालक, दस्तुरी नाही म्हणून स्वस्त. मग आबाजी विचारतील, आणि इतकी वर्षं?

शेडसमोर गाडी थांबली. ज्योतीराम एका जीपच्या चाकांना दोरी लावून लाईन बघत होता. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणलेली दोरी त्याने तशीच ठेवली आणि हात पुसत आला.

“काय झालं, सयाजीभाऊ? आवाज येतोय का पुन्हा?”

“आवाज न्हाई,” आबाजी उतरत म्हणाले. “हिशेब कळंना. पुण्यात ब्याण्णव, तुज्याकडं बासष्ट. घातलंस काय गाडीत?”

ज्योतीरामने शेडमधून शाफ्टच्या सांध्यातला जुना क्रॉस आणून त्यांच्या हातावर ठेवला. त्याची टोकं झिजून एका बाजूने पार चपटी झाली होती. “हे निघालं. दिवाळीआधी नवीन म्हणून घातलेलं हेच असंल तर ते नवीन नव्हतं, मालक. आत्ता घातलाय तो कोरा हाय. खोक्यासकट आणला, सयाजीभाऊंसमोर फोडला.”

“त्यो तर तुज्याच बाजूनं बोलनार.” आबाजींनी क्रॉस परत केला. “कोरा माल घालून कुणी तीस रुपये सोडतं व्हय? मी बाजारात बसतो बाबा. चांगला कांदा पडत्या भावानं कुणी इकत न्हाई. इकला तर खाली सडका असतो.”

ज्योतीरामने सयाजीकडे बघितलं. सयाजीचा चेहरा त्याने वाचला असावा, कारण तो एवढंच म्हणाला, “पुण्याचं मला माहीत नाही. माझ्याकडं मालाचे आन मजुरीचे पडतात तेवढेच घेतो.”

“सडकाच हाय,” आबाजी म्हणाले. “उद्या मी पेढीवर सांगनार. चाकण, खेड, मंचरपतूर एक गाडी तुज्या दारात उभी ऱ्हानार न्हाई.”

ज्योतीरामने मान खाली घातली. त्याच्या शेडचे पत्रे अजून कोरे होते आणि त्यांचे हप्ते चालू होते. त्याला एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य तो बोलत नव्हता, आणि कोणासाठी बोलत नव्हता हे सयाजीला चांगलं कळत होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आबा,” तो म्हणाला, “त्याला काय बोलू नगा. पुण्याच्या बिलात माजी दस्तुरी असायची. रुपयाला दोन आणे. वरचे त्यांचे. हा दस्तुरी देत न्हाई आन मी मागितली न्हाई. गेलेलं तीस ते ह्ये.”

रस्त्यावरून एक लॉरी गेली. सयाजीने गाडीची किल्ली काढून आबाजींच्या पुढे धरली. खोलीतलं सामान कोणाच्या गाडीत घालायचं, आईला हात धरून कुठे न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

आबाजी आधी गालातल्या गालात आणि मग मोठ्याने हसले.

“ठिव ती किल्ली. बस गाडीत.”

सयाजी बसला. आबाजी मागे न बसता त्याच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

“मला काय ठाव न्हवतं व्हय? पैल्या दिसापास्नं ठाव हाय. आरं, मी अडत्या हाय. दुसऱ्याच्या मालावर जगतो. तू कुठं खातोस ते मला ठाव असलं म्हंजी मला झोप लागती. आज बासष्टाचं बिल बघितलं आन झोप उडाली. म्हनलं, ह्यो आता कुठं खायला लागला?”

सयाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. नोकरी राहिली होती. त्या भरात तो बोलून गेला, “मग आबा, तेवढं पगारात धरा की. गाडी हितंच आणतो. तुमचेबी पैसे वाचतील.”

आबाजींनी मान हलवली. आवाजात राग नव्हता, उलट पोराला समजवावं तशी माया होती.

“पगार वाढवला तर त्यो तुजा व्हतो. दस्तुरी घेतलीस तर तू माजा ऱ्हातोस. उद्या कुठं उलटून बोललास, तर मला फकस्त एक बिल काढायचं. फुडच्या बारीला गाडी पुण्यालाच न्हे.”

“आन गाडी पुन्हा ओढायला लागली तर? शालनवैनी असत्यात मागं.”

“तू हाईस की चालवायला.”

सयाजीने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण मालकाला फसवतो. आणि मालक तेवढ्याच पैशांत त्याला बांधून ठेवत आला होता. आज खरं बोलूनही गाठ सुटली नव्हती, आणखी आवळली होती. त्याला ओरडावंसं वाटलं. वखारीमागली खोली डोळ्यांपुढे आली आणि त्याने गियर टाकला.

ज्योतीराम खिडकीशी आला. आतलं काहीच त्याला ऐकू गेलं नव्हतं. मालक हसले, एवढंच त्याने पाहिलं होतं, आणि त्याचा चेहरा उजळला होता.

“पंधरवड्यानं एकदा आणा, सयाजीभाऊ. नवा क्रॉस बसला की पुन्हा एकदा दोरी लावून बघावं लागतं. त्याचे पैसे नाहीत.”

आबाजी समोर रस्त्याकडे बघत राहिले.

“आणतो की,” सयाजी त्याच्याकडे न बघता म्हणाला आणि त्याने गाडी चाकणकडे वळवली.