पाणी नंतर टाकू

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाहून आत गेलं की कोसमटोला लागतं. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे आणि त्यातल्या मासोळीवर ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा हक्क आहे. इस्तारी मांदाडे या संस्थेचा जुना सभासद. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा. जाळं फेकण्यात त्याचा हात चांगला होता. त्याचं जाळं हवेत पूर्ण उघडायचं आणि सगळ्या बाजूंनी एकदमच पाण्याला टेकायचं. गावात याचं कोणाला विशेष वाटत नव्हतं. तसे फेकणारे आणखीही होते.

त्याची मुलगी रिंकू मूलमधल्या एका कॉम्प्युटर सेंटरवर कामाला होती. पुण्याची एक कंपनी झाडीपट्टीच्या जंगलावर मोठा व्हिडिओ गेम बनवत होती आणि तिला खरी माणसं हवी होती, असं रिंकूनं इन्स्टाग्रामवर वाचलं. तिनं बापाचा जाळं टाकतानाचा व्हिडिओ पाठवून दिला. कंपनीचं उत्तर आलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आश्चर्य तिलाच वाटलं.

इस्तारी जाळं घेऊन पुण्याला गेला. तिथं एका मोठ्या हॉलमध्ये त्याला अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालायला दिला. पोशाखावर खांद्यापासून घोट्यापर्यंत पांढऱ्या गोळ्या चिकटवलेल्या होत्या आणि चारी भिंतींवर कॅमेरे होते. त्या पोशाखात त्याला फार अवघडल्यासारखं झालं. स्वाती नावाची एक तरुण बाई त्याचं काम पाहत होती. माणसाच्या हालचाली कॉम्प्युटरमधल्या माणसाला द्यायच्या, हे तिचं काम.

"तलावावर टाकता तसंच टाका, भाऊ," ती म्हणाली.

इस्तारीनं खालच्या गुळगुळीत फरशीकडे पाहिलं. "पाणी कुठी हाये?"

"पाणी नंतर टाकू. कॉम्प्युटरमध्ये."

त्यानं जाळं फेकलं. जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या फरशीवर खडखडल्या. स्वातीनं त्याला पुन्हा टाकायला सांगितलं, मग आणखी एकदा, मग बसून, मग वाकून, मग डोंग्यात, लहान होडीत, उभं असल्यासारखं. दुपारपर्यंत त्याचा खांदा भरून आला. पण ती बाई मन लावून बघत होती, आणि आपल्या हाताकडे इतकं बारकाईनं कोणी कधी पाहिलं नव्हतं, हे त्याला जाणवलं. परतल्यावर त्यानं बायकोला, गिरजाला, एवढंच सांगितलं की लोक चांगले होते, जेवणात मासोळी नव्हती.

गणपतीच्या आधी गेमची जाहिरात आली. गेमचं नाव 'महाअरण्य'. धुक्यातलं रान, मोहाची झाडं, पळणारे चितळ, वाघाची डरकाळी, आणि शेवटी तलावाच्या काठावर एक माणूस जाळं फेकतो, ते तिरप्या उन्हात उघडतं आणि पडदा काळा होतो. त्यावर अक्षरं येतात : 'या रानातलं प्रत्येक पाणी जिवंत आहे.' त्या माणसाचा चेहरा इस्तारीचा होता. गेममध्ये पोहता येईल, डोंगा चालवता येईल, मासे धरता येतील, गावकऱ्यांशी हवं तितकं बोलता येईल, असं कंपनीचा मालक मुलाखतींमध्ये सांगत होता. असा गेम देशात झालाच नाही, असंही तो म्हणाला.

जाहिरात लाखो लोकांनी पाहिली. लग्नात इस्तारीची ओळख करून देताना लोक 'हे गेमवाले' म्हणू लागले. चंद्रपूरहून एक पत्रकार येऊन फोटो काढून गेला. संस्थेच्या अध्यक्षाची मुदत संपत आली होती आणि या खेपेला इस्तारीभाऊले करा, असं चार माणसं बोलू लागली. इस्तारी आधी नाही म्हणाला. मग काही दिवसांनी गप्प राहिला. मग एकदा गिरजाजवळ बोलला, "झालो अध्यक्ष तर मासोळीचं बीज चांगलं आणू. दरसाल अर्धं मरते." त्याला ते व्हावंसं वाटू लागलं होतं.

गेम दिवाळीला यायचा होता, तो संक्रांतीवर गेला. संक्रांतीवरून उन्हाळ्यावर गेला. दर वेळी कंपनी नवी चित्रं दाखवायची आणि लोक म्हणायचे, उशीर होऊन राह्यला म्हणजे काम पक्कं चालू हाये.

अखेर एप्रिलमध्ये तो आला. रिंकूनं सेंटरवरच्या सगळ्यात चांगल्या मशीनवर तो घेऊन ठेवला होता. दुपारी गावातून दोन ऑटो भरून माणसं आली. त्यात इस्तारी होता आणि कोलूही होता. कोलू त्याच्याच वयाचा, तलावाच्या त्याच पाळीवर, बांधावर, मासोळी धरणारा आणि अध्यक्षपदाला उभा राहणारा दुसरा माणूस.

रिंकू खेळू लागली. रान दिसायला बरं होतं. गावात शिरल्यावर मात्र सगळी घरं एकसारखी निघाली आणि एक म्हातारी भिंतीतून आरपार चालत गेली. रिंकूनं एका गावकऱ्याला हटकलं, तर तो म्हणाला, "आज हवा छान आहे." दुसराही तेच म्हणाला, त्याच आवाजात.

"आपल्याकडचे वाटत नाईत हे," मागून कोणीतरी बोललं.

मग तलाव आला. काठावर इस्तारी उभा होता. चेहरा हुबेहूब, हातावर जाळ्याची घडी. रिंकूनं आपल्या माणसाला त्याच्याजवळ नेलं. इस्तारी उभाच. त्याची छाती खालीवर होत होती, बाकी काही हलत नव्हतं. तिनं होतं नव्हतं ते प्रत्येक बटण दाबून पाहिलं. शेवटी तिनं आपल्या माणसाला पाण्यात उतरवलं. पाणी गुडघ्याला लागलं आणि पडदा लाल झाला. 'तुम्ही बुडालात.'

मागे कोणीतरी हसलं. रिंकूनं परत सुरू केलं. परत तेच झालं.

"नेट स्लो असंन," इस्तारी म्हणाला.

"नेटचं नाई बाबा," रिंकू म्हणाली. "त्याइनं टाकलंच नाई."

संध्याकाळ व्हायच्या आधीच दोन्ही ऑटो गावाकडे परतल्या.

पुढच्या आठवड्यात सगळीकडे बोंब झाली. लोक पैसे परत मागत होते. पडद्यावर अडकलेल्या, उलट्या लटकलेल्या, जमिनीत रुतलेल्या माणसांची चित्रं एकमेकांना पाठवत होते. पण त्या सगळ्यांतून लोकांच्या तोंडी राहिलं ते एकच चित्र : तलावाच्या काठी हातावर जाळं घेऊन नुसता उभा असलेला माणूस. त्याखाली लिहिलेलं असायचं, 'काका, जाळं टाका.' मग ते कशालाही लागू होऊ लागलं. रस्ता अर्धवट सोडणारा ठेकेदार, चौकार न मारणारा बॅट्समन, लग्नाला होकार न देणारा मित्र, सगळ्यांना तेच चित्र आणि तेच वाक्य. आपला चेहरा कुठवर गेला हे इस्तारीला नीट कळत नव्हतं. मूलच्या बाजारात एका अनोळखी पोरीनं त्याच्याकडे पाहून तोंडावर ओढणी घेतली, तेव्हा थोडं कळलं.

संस्थेची सभा मे महिन्यात झाली. कोलूनं काही वाईट म्हटलं नाही. तो एवढंच बोलला, "अध्यक्ष म्हणजे काम करणारा पाहिजे. नुसता उभा राहणारा कायले पाहिजे?" सगळी सभा हसली. कोलूलाही आपण बोललो त्याचा इतका परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. हात वर झाले ते बहुतेक कोलूसाठी झाले. इस्तारीनं त्याला हार घातला, चहा घेतला आणि घरी आला.

गिरजानं विचारलं, "का झालं?"

"कोलू झाला."

"काऊन?"

"मी जाळं टाकत नाई म्हणून," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला मागे गेला. गिरजाला आधी ते समजलं नाही. समजल्यावर ती रिंकूवर चिडली, व्हिडिओ पाठवला म्हणून. आठवडाभर मायलेकींनी कामापुरतंच बोलून काढलं.

इस्तारी आता तलावाच्या पलीकडच्या अंगाला, बेशरमाच्या झुडपांमागे जाळं टाकू लागला. तिथं मासोळी कमी होती, पण रस्त्यावरून दिसत नसे. तरी नागपूरची चार कॉलेजची पोरं त्याला शोधत तिथवर आली. फोन वर धरून म्हणाली, "काका, जाळं टाका ना."

इस्तारीच्या हातावर जाळ्याची घडी होतीच. तो टाकणारच होता. पण त्यानं हात पुढे नेला नाही. तो पाण्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला. पोरं हसली, "सेम टू सेम" म्हणाली. इस्तारी हलला नाही. एकानं समोर येऊन त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. इस्तारी पाण्याकडेच पाहत राहिला. हळूहळू हसणं कमी झालं. ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटी त्यांतला एक म्हणाला, "चला रे, जाऊ," आणि त्यानं फोन खिशात घातला. दुसरा जाताना "सॉरी काका" म्हणाला. मोटारसायकलींचा आवाज पाळीपलीकडे गेल्यावर इस्तारीनं खांदे मोकळे केले आणि जाळं फेकलं. दोन रोहू आणि एक लहान मरळ आली.

त्या दिवशी तो जेवताना बऱ्याच दिवसांनी नीट बोलला. पोरांचं सांगितलं. गिरजा हसली, मग रिंकूही हसली.

पाऊस लागण्याआधी स्वाती आली. कंपनीनं पाठवली नव्हती, तिनं कंपनी सोडली होती. रिंकूकडून पत्ता घेऊन ती मूलहून ऑटोनं आली आणि ओसरीवर बसली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "इस्तारीभाऊ, तुमचं हसं झालं ते आमच्यामुळे. मला बघवलं नाही."

"तुमी का कराल, बाई."

"आमचं काम पूर्ण झालं होतं. तुमची प्रत्येक फेक तयार होती. पाण्याचं काम दुसऱ्यांकडे होतं. त्यांना जमलं नाही आणि मालकाला तारीख गाठायची होती. पाणीच नाही तर जाळं कशात टाकणार? म्हणून शेवटच्या महिन्यात सगळं काढून टाकलं. डोंगा, पोहणं, मासे, सगळं."

"मग पाणी दिसते ते?"

"ते नुसतं वर रंगवलेलं आहे."

इस्तारीनं यावर थोडा विचार केला. "अन् माणूस बुडते कशात?"

स्वातीला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते. तिनं लॅपटॉप उघडला. करड्या, रिकाम्या जागेत एक माणूस उभा होता. ना झाड, ना काठ, ना आभाळ. तो कमरेत वळला, हात मागे गेला, आणि जाळं सुटून गोल उघडलं. मग तो पुन्हा पहिल्यासारखा झाला आणि पुन्हा फेकू लागला. गिरजा चुलीपासून उठून आली आणि पदराला हात पुसत पाहत राहिली.

"तुमचाच खांदा हाये," ती नवऱ्याला म्हणाली.

"हे लोकांले दाखवता येते का?" इस्तारीनं विचारलं.

"नाही. कंपनीचं आहे. माझ्याकडे आहे हेच चुकीचं आहे."

"मग राहू द्या."

त्यानं ते आणखी दोनदा पाहिलं. मग लॅपटॉप स्वातीकडे सरकवला आणि मासोळी खाता का, असं विचारलं. ती जेवली, काटे काढत सावकाश जेवली, आणि तिला सोडायला तो फाट्यापर्यंत गेला.

पावसाळ्यात सगळं थंडावलं. लोकांना हसायला दुसरं काही मिळालं. कंपनीनं गेम दुरुस्त करू म्हणून सांगितलं होतं, ते झालं नाही. कोलूनं आणलेलं बीज या सालीही अर्धं मेलं, आणि पुढल्या खेपेला बीज पाहायला सोबत चाल, असं त्यानं इस्तारीला स्वतःहून म्हटलं. इस्तारी बरं म्हणाला.

मार्चमध्ये एकदा इस्तारी मूलच्या बाजारातून रिंकूच्या सेंटरवर गेला. गिरजा सकाळपासून तिथंच होती. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून आली होती, पण ते काम केव्हाच आटोपलं होतं. ती कोपऱ्यातल्या मशीनवर बसली होती आणि तिच्या पडद्यावर महाअरण्य चालू होतं.

"मागच्या महिन्यापासून येते," रिंकू हळूच म्हणाली. "गिऱ्हाईक नसलं की बसते. दुसरं काही करत नाई, नुसती फिरते."

दोन सालांआधी मोहफुलं वेचायला गेलेल्या सुगंधाबाईला वाघानं नेलं होतं. ती गिरजाची जोडीदारीण, दरसाल दोघी मिळूनच फुलं वेचायला जायच्या. तेव्हापासून गावातल्या बाया रानात जात नव्हत्या. पुरुष गेले तर घोळका करून जायचे आणि ऊन उतरायच्या आत परतायचे.

इस्तारी तिच्या मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर मोहाची झाडं होती आणि गिरजा एकेक कळ दाबत त्यांच्यामधून सावकाश चालली होती. एका झाडाच्या बुंध्यात वाघ अर्धा अडकलेला होता. पाय हलत होते, तोंड उघडत मिटत होतं, पण तो जागचा सरकत नव्हता.

"तो असाच राह्यते," गिरजा मागे न बघता म्हणाली. "काही करत नाई."

ती वाघाच्या अंगावरून पुढे गेली. पलीकडे उजेडाची जागा होती आणि खाली पिवळसर काहीतरी पसरलेलं होतं. फुलं होती की नुसता रंग, ते कळत नव्हतं.

इस्तारीनं बाजूची खुर्ची ओढली आणि तो बसला. गावाकडच्या गाडीला अजून वेळ होता.