निळी होईपर्यंत

“पोरी, मला आता निळा रंग नीट दिसत नाही. चाकू दुसऱ्याकडून करून घे,” तिने घडीचा चाकू बनवून मागितला तेव्हा तिचे कारागीर वडील म्हणाले होते. तिने ते हसण्यावारी नेलं. “बाबा, तुमचा हात डोळे मिटूनही चालतो!”

चाकूच्या पोलादी स्प्रिंगला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून थंड बुडवली, की ती निळी होईपर्यंत पुन्हा तापवायची, नाहीतर काचेसारखी ठिसूळ राहते. बाबांनी अंदाजाने तापवली. चाकूच्या मुठीत बसवताना ती कडकन तुटली आणि तुकडा त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यात घुसला.

“माझं झकास चाललंय गं, तू बाळाकडे बघ,” ते फोनवर सांगतात. काल ती बाळाला घेऊन अचानक गेली, तर भट्टी गरम होती आणि बाबांनी भाजलेली बोटं पाठीमागे लपवली.

तुमच्याकडेही कुणी असं ‘झकास’ म्हणत असेल, तर आजच जा आणि त्याचे हात बघा.