साजूक तुपातली नानखटाई

ज्युलियानं वनस्पती तुपाचा अख्खा डबा कचऱ्याच्या बादलीत उपडा केला आणि हात झटकले.

“वेड लागलं काय गं तुला? नाताळ परवावर आला!” लॉरेन्स ओरडला.

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? ह्यातल्या ट्रान्स फॅटनंच तुझी वाट लावली.”

यंदाची नानखटाई साजूक तुपात होणार होती. तिच्या नानखटाईचं मरोळच्या गावठाणात केवढं नाव. बिघडली तर शोभाच. पण बाईच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. ऑगस्टमध्ये नवरा मरणाच्या दारातून परत आला, तो आनंद घरात मावत नव्हता.

लॉरेन्सला वेगळीच धास्ती. हृदयात स्टेंट बसवल्याचं त्यांनी गल्लीत कुणालाच सांगितलं नव्हतं. ट्रम्पेट वाजवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. पण बँडमास्तर क्लिफर्डला कळलं, तर काळजीपोटी तो त्याला खुर्चीत बसवून ठेवणार. नाताळच्या सकाळी चर्चपुढे बँड वाजणार आणि आपण ऐकत बसायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला खरंच वाटे.

“तुपाचं कुणाला बोलू नकोस हां. लगेच कारण विचारतील.”

“माझं तोंड शिवलंय. वासाचं मी काय करू?”

नानखटाई झकास झाली. ताटं घरोघर गेली आणि दुसऱ्या दिवशी भरून परत आली. ताट रिकामं परत करायचं नाही, हा गावठाणाचा रिवाज. ज्युलिया प्रत्येक ताट हुंगायची आणि वनस्पती तुपाचा वास आला की लॉरेन्सचा हात पोचू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवायची. लॉरेन्स नुसता बघायचा.

संध्याकाळी क्लिफर्ड आला. त्याच्या हातातलं ताट रिकामं होतं.

“साजूक तूप घातलंस ना गं, ज्युलिया?”

तिनं लॉरेन्सकडे पाहिलं. तोच उठला.

“हो. स्टेंट बसलाय माझ्यात. पण डॉक्टर वाजव म्हणालेत, क्लिफी. आईशपथ!”

क्लिफर्डनं शर्टाची वरची बटणं काढली. छातीच्या मधोमध उभा व्रण होता.

“बायपासला तीन वर्षं झाली. बायको सोडून कुणाला ठाऊक नाही.” तो ज्युलियाकडे वळला. “दर नाताळला तुझी नानखटाई घ्यायचो आणि न खाता वाटून टाकायचो. यंदा वास आला नि राहवलंच नाही, सगळी मीच संपवली.”

मग बटणं लावत लॉरेन्सला म्हणाला, “सहाला तालीम आहे. उशीर करू नको.”

जाताना मात्र त्यानं ताट ज्युलियापुढे धरलं. तिनं डबा उघडला, त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि ताटात एकच नानखटाई ठेवली.