तोफसरांविरुद्धचा अर्ज

वर्गात तिला सगळे ‘हरकत’ म्हणायचे, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. तास संविधानाचा असो की प्रशासकीय कायद्याचा, शिकवणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचा हात वर. कँटीनमध्ये चहाचा कप जरा कमी भरला तरी हिला त्यात काहीतरी डाव दिसायचा. घरी आत्या म्हणायची, "पाळण्यात होती तेव्हासुद्धा ही दुधाच्या बाटलीकडे तपासणीला आल्यासारखी बघायची." आत्या बेकरीच्या गल्ल्यावर बसायची, आणि गिऱ्हाइकाला पावाबरोबर दोन शब्द फुकट मिळायचे.

बेकरी बाबांची. मागे लाकडाची भट्टी, पुढे काउंटर, वर राहायच्या दोन खोल्या. हरकतची फी, आत्याची औषधं, घरातला दिवा, सगळं त्या भट्टीच्या जिवावर. आणि नेमकं तिचंच लायसन्स रद्द झालं. शेजारच्या इमारतीतून धुराची तक्रार गेली होती. लायसन्स ऑफिसचं म्हणणं असं, की धुराडं उंच करा म्हणून आम्ही नोटीस दिली, यांनी ती धाब्यावर बसवली. बाबा बिचारे डोकं धरून बसले. नोटीस त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. "अगं, आली असती तर केलं नसतं का उंच? मला काय धूर खायची हौस आहे?"

मग अपील झालं. अपील मंडळावर तीन माणसं: एक निवृत्त न्यायाधीश बाई, एक मोठे अधिकारी आणि बाहेरचे एक कायदेपंडित. निकाल लागेपर्यंत भट्टी चालू ठेवायला मंडळानं परवानगी दिली. निकाल विरुद्ध गेला की भट्टी बंद, कायमची.

आता बाहेरचे कायदेपंडित कोण निघावेत? तोफसर! हरकतला प्रशासकीय कायदा शिकवणारे तेच ते. तोफ हे नाव मुलांनी ठेवलेलं, आवाजावरून. हा माणूस "आज हवा छान आहे" असं म्हणाला तरी समोरच्याला आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं. आणि त्या तोफेचं तोंड बहुतेक वेळा हरकतच्याच दिशेला. "निकालाला आधार काय? कुठल्या परिच्छेदात? उभ्या राहा. वाचून आलात की वास घेऊन आलात?"

हरकतच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

पहिल्या सुनावणीला ती बाबांबरोबर गेली. आत फक्त पक्षकारांना प्रवेश, म्हणून ती बाहेर बाकावर बसली. दार जाड होतं, पण तोफेपुढे दाराचं काय चालणार? शब्द कळत नव्हते, गडगडाट मात्र स्पष्ट ऐकू येत होता. बराच वेळ चाललं ते. बाबा बाहेर आले ते घामाघूम, शर्टाची कॉलर ओढत.

"तुमच्यावर ओरडले ना?" तिनं लगेच विचारलं.

"ओरडले म्हणजे? नोटीस मिळाली का, नीट आठवून सांगा, खोटं बोललात तर याद राखा. तेच तेच किती वेळा! माझी तर बोबडीच वळली."

"म्हणजे तुम्हाला खोटं पाडायला बघत होते."

"असेल बाई. आणि तुझंही नाव काढलं सगळ्यांसमोर. यांची मुलगी माझी विद्यार्थिनी आहे, कुणाची हरकत आहे का म्हणून."

हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी विद्यार्थिनी आहे हे आधीच सांगून टाकायचं, म्हणजे नंतर कितीही वाईट वागलं तरी कुणी बोट दाखवायला नको! वा रे शहाणे!

त्या दिवसापासून ती सरांवर नजर ठेवून राहिली. आणि एकदा माणसावर नजर ठेवली की काय, दिसेल ते वाकडंच दिसतं. सरांनी तिच्याकडे बघणंच सोडलं. जिन्यात समोरासमोर आले तर मान खाली घालून निघून जायचे. म्हणजे मनात काहीतरी खोट आहे. वर्गात एकदा तिनं, "सर, समजा एखाद्या बेकरीला नोटीसच मिळाली नाही तर..." एवढं म्हटलं मात्र, सर कडाडले, "तो विषय इथे नाही. खाली बसा." अख्खा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. हा माणूस आपल्या घरावर उठलाय, आता शंकाच नको, असं ती पुटपुटली.

"शंकाच नको कशी? शंकाच तर पाहिजे," लंबू म्हणाला. लंबू तिच्या शेजारच्या बाकावरचा, ताडमाड आणि कशाचंच काही न वाटणारा. त्यानं वडापावच्या ऐवजी वही तोंडाशी धरली होती, कारण तास चालू होता. "सरांनीच शिकवलंय ना? निर्णय देणारा पक्षपाती आहे हे सिद्ध करावं लागत नाही. शहाण्या माणसाला तशी रास्त शंका यावी, एवढं पुरतं. पण खरं सांगू? मला नाही वाटत ते तसे असतील. ते माझ्यावरही ओरडतात."

"तुझ्यावर ओरडायला कारण असतं."

"ते मात्र खरं."

पण लंबूच्या बोलण्यातलं तिला हवं तेवढंच तिनं उचललं. घरी येऊन अर्ज लिहायला बसली. आणि अर्ज कसला, कायद्याच्या पोरीनं जीव ओतून लिहिलेला! नैसर्गिक न्याय, निष्पक्ष मन, रास्त शंका, सगळं जागच्या जागी. पक्षकाराला अपमानास्पद प्रश्न विचारले, त्याच्या मुलीबद्दल वर्गात आकस धरला, सबब या सदस्यांनी अपिलातून दूर व्हावं. एकेक वाक्य तिनं मोठ्यानं वाचून पाहिलं. तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

बाबा पेन हातात घेऊन घुटमळले. हाताचं पीठ त्यांनी एप्रनला पुसलं. "कशाला उगाच वैर? मोठी माणसं ती."

"बाबा, वैर त्यांनी धरलंय. तुम्ही सही करा."

आत्या गल्ल्यावरून म्हणाली, "तो माणूस ओरडतो म्हणून त्याला काढायचं, तर मलाही काढा." कुणी हसलं नाही. बाबांनी सही केली.

अर्ज मंडळापुढे गेला, आणि सरांनी वाद घातला नाही, खुलासा दिला नाही. ‘मान्य’ म्हणाले आणि खुर्ची सोडून उठले. त्यांच्या जागी दुसरे सदस्य नेमले गेले. नवा माणूस आला म्हणून सुनावणी पहिल्यापासून घ्यायचं ठरलं, कारण जो ऐकतो त्यानंच निकाल द्यावा असा नियमच आहे. हरकतला हे पाठ होतं. मागचं सगळं पुसलं गेलं, पाटी कोरी झाली, म्हणून ती खूश होती.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सर तिच्या बाकापाशी थांबले. किती दिवसांनी त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. "अर्ज कायद्याला धरून होता," ते म्हणाले, चक्क हळू आवाजात. आणि निघून गेले.

"टोमणा होता," ती लंबूला म्हणाली. लंबूनं खांदे उडवले.

नव्यानं सुनावणी झाली तेव्हा दाराबाहेर चिटपाखरू ओरडल्याचाही आवाज आला नाही. सगळं कसं शांत, पटापट. बाबा बाहेर आले ते हसत. "अगं, काय सज्जन गृहस्थ! मला आधी पाणी दिलं. म्हणाले, काका, घाबरू नका, तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा. मी सांगितलं, इतकी वर्षं बेकरी चालवतोय, कुणाला शिळा पाव दिला नाही. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मान डोलवत होते."

"नोटिशीचं सांगितलंत ना?"

"ते अपिलात लिहिलंय की आपण. त्यांनी विचारलं नाही, मग मी मध्येच कशाला बोलू? इतकी चांगली माणसं."

तिला ते खटकलं. पण बाबा इतके खुशीत होते, की तिनं ते गिळून टाकलं.

निकाल आला. अपील फेटाळलं. लायसन्स ऑफिसनं नोटीस बजावल्याचं म्हटलं आहे, ते खोटं मानण्यासारखं सुनावणीत काही पुढे आलं नाही, म्हणून. एवढंच. तिनं तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. वरच्या कोर्टात जाता आलं असतं, पण वरचं कोर्ट आधी काय नोंदलं गेलं तेच बघतं, आणि नोंदलेलं काहीच नव्हतं. शिवाय तिथली तारीख लागेपर्यंत भट्टी थंडच राहणार होती.

बाबा शेवटचा घाणा काढत होते. ती पिठाच्या पोत्यावर बसली.

"जाऊ दे गं," तेच तिची समजूत घालायला लागले. "निदान तुझ्या त्या सरांच्या तोंडून नाही ऐकावं लागलं. काय तो माणूस! मला झापून झाल्यावर त्या लायसन्सवाल्या ऑफिसरच्या मागे लागला होता. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला."

तिनं मान वर केली. "कुठल्या ऑफिसरच्या?"

"नोटीस दिली म्हणणाऱ्या. नोटीस कुणी घेतली, सही कुणाची, सही दाखवा, सही दाखवा! टेबलावर हात आपटून. बाकीचे दोघे नुसते बघत होते. त्याची पार भंबेरी उडाली. म्हणे, सापडत नाही, पुढच्या तारखेला आणतो."

ती पोत्यावरून उठली. "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू एवढंच विचारलंस, की तुमच्यावर ओरडले ना म्हणून. ओरडले होते, मी हो म्हटलं."

"मग या वेळी? आणली त्यानं सही?"

"नाही बुवा," बाबा फळीवर पाव ओळीनं लावत म्हणाले. "या वेळी कुणी मागितलीच नाही."

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. आपल्या बाजूचा एकच माणूस होता त्या खोलीत, आणि तो आपण आपल्या हातानं, मोत्यासारख्या अक्षरात बाहेर काढला. सांगायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण बाबांनी फळी खाली ठेवली, हात झटकले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांना पीठ लागलं.

"उद्या ते सील लावायला येतील," ते म्हणाले. "तू थांबशील ना इथे? ते काय लिहून घेतात, कुठे सह्या मागतात, मला काही कळायचं नाही. तू असलीस की मला भीती नाही."

"थांबेन," ती म्हणाली.