टाकीतल्या पाण्याची चव

माझ्या जिभेला हाड नाही, असं सुना पाठीमागे म्हणतात. म्हणू देत. जिभेला चव आहे ना, त्या चवीनेच मला मान खाली घालायला लावली.

माझा धाकटा कॉम्प्युटरच्या कारखान्यात साहेब आहे. आल्यागेल्याला कारखाना दाखवायचं काम त्याचं. कॉम्प्युटरच्या पोटात ज्या हिरव्या पाट्या असतात, त्या तिथे कसल्याशा ॲसिडने धुतात आणि ते पाणी मागच्या ओढ्यात सोडतात. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात सोलून निघाले, तशी गावभर कुरकुर सुरू झाली. मग कंपनीने सांगितलं, या, डोळ्यांनी बघा, आमचा कारभार काचेसारखा आहे, पाणी शुद्ध करूनच सोडतो.

पाहणीच्या आदल्या दिवशी धाकट्याने घरी टँकर पाठवला. "आई, कारखान्यातली झाडं सुकलीत. आपल्या विहिरीचं पाणी नेतो."

"ने की. विहीर काय तुझ्या सासऱ्याची आहे विचारायला?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीत. समोर काचेची मोठी टाकी, आत लाल मासे. धाकटा ऐटीत सांगत होता, ओढ्यात जातं ते हेच पाणी. तेवढ्यात आमच्या गल्लीतली धुणंवाली उठली.

"साहेब, मग घोटभर पिऊन दाखवा."

"मावशी, मासे पितायत की!"

सगळे हसले. ती नाही हसली. "मासे पगार घेत नाहीत, साहेब. तुम्ही प्या."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अगं ए, माझ्या पोराला खोटं पाडतेस? तुझे हात सोलले ते त्या स्वस्तातल्या साबणाने! आणा त्या टाकीतलं पेलाभर इकडे."

"आई, नको," धाकटा म्हणाला. मला वाटलं, माया. घटाघटा प्याले.

आधी खारट लागलं, मग जिभेच्या शेंड्याला गंजल्या खिळ्यासारखं. नवी नवरी होते तेव्हा याच पाण्याला नाक मुरडून रडले होते. आता त्याच्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. माझ्या परसातली विहीर माझ्या तोंडात होती.

"कसं लागतंय, मोठ्या बाई?" धुणंवालीने विचारलं.

धाकटा माझ्याकडे बघत होता. लहानपणी कपबशी फोडली की बघायचा, तसा.

"गोड," मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

सकाळी ती डोक्यावर बोचकं घेऊन दारावरून चालली होती. थांबली. "मोठ्या बाई, काल तोंड सुटलं माझं, पोटात घाला. तुम्ही स्वतः प्यालात, आता मनात किंतु नाही. लेकीच्या तान्ह्याचे लंगोट आजपासून ओढ्यावरच धुते. नळाचं पाणी वाहून कंबर मोडली."

खरं सांगायची हीच वेळ होती. तरी तोंडातून काय निघालं? "ओढ्यावर कशाला जातेस? माझ्या विहिरीवर धू." पोराचं झाकलेलं राहील, वर माझा मोठेपणा!

"केवढं मन तुमचं!" तिने हात जोडले. बोटांची सालं निघून आतलं लाल मांस दिसत होतं. म्हणे साबण!

ते जोडलेले हात मला बघवेनात. विहिरीतून पोहरा वर ओढला, तांब्या भरून तिच्यापुढे धरला. "आधी हे पी. काल मी प्याले ते हे."

तिने एक घोट घेतला. "आणि ओढ्याचं?"

"ते मी चाखलेलं नाही. चाखायची छातीही नाही माझी."

मी शिव्यांची वाट बघत होते. शिवी आली असती तर शिवीला शिवी दिली असती, तेवढं मला जमतं. ती खाली बघत म्हणाली, "आज ओढ्याच्या पाण्यातच तान्ह्याला अंघोळ घालणार होते."

तांब्या खाली ठेवून तिने विचारलं, "हे तिथे, चारचौघांत सांगाल?"

"नोकरी जाईल पोराची."

ती बोचकं उचलून दाराशी उभी राहिली. मी तांब्या पुन्हा भरला आणि तिच्यामागून निघाले.

कारखान्यात धाकटा नव्या पाहुण्यांना मासे दाखवत होता. त्याने आधी तिला पाहिलं, मग मला, मग माझ्या हातातला तांब्या. बोलता बोलता थांबला आणि मान खाली घातली.

माझी कालपासून वर झालीच नव्हती. तशीच पुढे झाले आणि टाकीशेजारी तांब्या ठेवला.