तिसरा, लग्नाचा

दुसरा ग्लास पहिल्यापेक्षा जास्त ओला होता. जाड बुडाचा, मुठीत मावणारा, अंगावर उभे पैलू असलेला तो बुटका ग्लास जुवेनालने नेहमीसारखा न विचारता टेबलावर ठेवला, आणि त्याच्या बुडाखालून एक थेंब निघाला — आधी जरा बिचकत, मग उताराचा अंदाज आल्यावर टेबलाच्या पिवळ्या पत्र्यावरून सरळ तिच्या मांडीकडे. तीन अंश, मारिल्दाने मनात म्हटलं, कमीत कमी तीन. या बेलो होरिझोन्तेत सपाट असं काही नाहीच. गल्ल्या चढाच्या, फुटपाथ चढाचे, आणि फुटपाथावर मांडलेली बारची टेबलं एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घेऊन उभी. ती वाकली, पुठ्ठ्याला आणखी एक घडी घातली, पायाखाली सारली. थेंब वाटेतच थांबला. हे तिला येतं. डगमगणाऱ्या वस्तूला तिने हात लावला आणि ती स्थिर झाली नाही, असं सत्तावीस वर्षांत फारसं घडलेलं नाही — वस्तूंच्या बाबतीत तरी.

"करा उलटा," जुवेनाल म्हणाला. साठीचा वेटर, एका खांद्यावर फडकं, चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा उत्साह.

"असू दे."

"असू दे?"

"असू दे म्हटलं ना."

"नाही, अकरा महिने मी हा ग्लास आणतोय आणि अकरा महिने तुम्ही त्याला डोक्यावर उभा करताय, म्हणून आपलं विचारलं. आज फळफळलं म्हणायचं त्याचं नशीब."

"जुवेनाल, काळीज आणि जिलो आणा. एक प्लेट."

"एक प्लेट. काटे दोन?"

 तो हसत आत गेला, आणि आत जाता जाता गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाई दोना झेझेच्या कानाशी वाकला. झालं. म्हणजे आता सगळ्या बारला कळलं.

कळू दे. आज तिला कशाचंच काही वाटत नव्हतं... म्हणजे वाटत होतं, पण त्या सगळ्याच्या वर, छातीत, सकाळचा विजय अजून ताजा होता. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करायचं तिचं काम. साओ पावलोहून दर महिन्याला चार दिवस ती या शहरात येई आणि दवाखान्यामागून दवाखाने पालथे घाली. आजची खुर्ची दोघा कारागिरांनी हात टेकलेली होती. पेशंट जरा वजनदार असला की ती त्याला घेऊन आपली आपण खाली जायची, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. डॉक्टर बिचारा दाढेच्या मागे वाकत वाकत गुडघ्यावर यायचा. मारिल्दाने सगळं उघडलं, पुसलं, आणि तेलाच्या नळीवरची केसाएवढी चीर बोटाच्या पेराने शोधली — डोळ्यांना नव्हती दिसत. मग नळी बदलून, स्वतः खुर्चीत आडवी होऊन, वरच्या दिव्याकडे बघत ती पूर्ण वीस मिनिटं पडून राहिली. खुर्ची तसूभर हलली नाही. डॉक्टरने टाळ्या वाजवल्या. आणि तशी आडवी असताना, त्या पांढऱ्या दिव्याखाली तिच्या मनात आलं होतं — आज ग्लास उलटा करायचा नाही.

कारण आज नाही तर कधीच नाही. पुढच्या महिन्यापासून हा भाग दुसऱ्या माणसाकडे, मारिल्दाकडे दक्षिण; कंपनीचं पत्र पिशवीत पान्यांच्या खाली होतं. ही शेवटची फेरी. आणि ज्याच्यासाठी ग्लास सरळ ठेवला होता, त्या एवाल्दोला हे माहीत नव्हतं.

इथं बिअरची मोठी बाटली एका माणसासाठी असू शकते हे कुणाला पटतच नाही, म्हणून न मागता दुसरा ग्लास येतो; तो उलटा केला की कुणी येणार नाही असं समजायचं. साओ पावलोत एकटी बाई म्हणजे एकटी बाई, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. इथं एकटी बाई म्हणजे जिच्याकडे यायला निघालेला माणूस अजून पोचायचा आहे अशी बाई. पहिल्या महिन्यात तिला याचा भयंकर राग आला होता. त्या संध्याकाळी शेजारच्या टेबलावर एक पोरगा आणि एक पोरगी एकमेकांचे मुके घेत होती, पूर्ण दोन गाणी संपेपर्यंत, आणि मग दम खायला थांबल्यावर पोरीने विचारलं, "नाव काय म्हणालास तुझं?" मारिल्दाने ते रात्री फोनवर तालिताला, लेकीला, सांगितलं होतं. आणि सहा-सात महिन्यांनी पुरवणी जोडली होती: पोरं इथं आधी मुके घेतात आणि मग नाव विचारतात, पन्नाशीला आली की आधी सगळं खानदान विचारतात आणि मुक्याचं नावच काढत नाहीत.

"तुला कसं माहीत गं, आई?" तालिताने लगेच पकडलं होतं.

कसं म्हणजे... मिनासची, म्हणजे या प्रांताची, माणसं गरम लापशी कडेकडेने खातात, असं सगळा देश म्हणतो. एवाल्दो तर ताटलीच्या बाहेरून सुरुवात करणारा. बाजारात चीजचा गाळा, उंच, किंचित वाकलेला, अंगाला साबणाचा आणि त्याखाली मिठाच्या पाण्याचा वास. बायको जाऊन सात वर्षं. पहिले तीन महिने त्याने फक्त मान हलवली. चौथ्या महिन्यात जुवेनालच्या हाती कागदात बांधलेला चीजचा तुकडा आला. सहाव्या महिन्यात शेजारच्या टेबलावरून प्रश्न — "तुम्ही कुणाकडच्या?" आणि ती म्हणाली होती, "कुणाकडचीच नाही, साओ पावलोची," तेव्हा त्याने हे उत्तर फार गंभीरपणे घेतलं होतं, महिनाभर विचार करण्याइतकं. आठव्या महिन्यात तो तिच्या टेबलावर आला, पण स्वतःचा ग्लास घेऊन. तिथं ठेवलेल्या उलट्या ग्लासाला त्याने कधी हात लावला नाही. दहाव्या महिन्यात त्याने तिला जिलो खायला लावला, ती हिरवी इवलीशी कडूजहर वांगी, काळजाबरोबर परतलेली.

"शी! हे काय कडू!"

"पहिला घास कडूच लागतो," तो म्हणाला होता. "दुसरा घ्या. दुसऱ्याला आपण रागावलेले नसतो."

दुसरा घास तिने घेतला होता. तेवढ्या एका वाक्यावर ती पुढचे तीस दिवस चारचौघांत विनाकारण हसली होती.

आणि मग मागचा महिना. तो आठवला की अजूनही कानशिलं तापतात. निघायची वेळ, ती उठली, तोही उठला, आणि दर वेळी हात मिळवणारा हा माणूस त्या दिवशी वाकला. गालाला गाल, हवेत एक पापा — आणि ती वळली, पान्यांची पिशवी उचलायला. माहीत नव्हतं असं नाही! या देशात एकोणपन्नास वर्षं काढली तिने: साओ पावलोत एक पापा, रिओत दोन, मिनासमध्ये तीन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण अंगाची सवय डोक्याला विचारत नाही. पिशवी उचलून तिने मागे पाहिलं, तर एवाल्दो अजून तसाच. वाकलेला, डोळे अर्धे मिटलेले, दुसरा गाल पुढे केलेला, हवेत.

"एकावरच कटवलं रे तुला, एवाल्दो!" दोना झेझे गल्ल्यावरून ओरडली होती. ऐंशी वर्षांची म्हातारी, पण आवाज भोंग्यासारखा. "अगं बाई, तिसरा लग्नाचा असतो, तिसऱ्याचं राहू दे, दुसरा तरी द्यायचास!"

अख्खा फुटपाथ हसला. एवाल्दो ताठ झाला, कान लालबुंद, "काही नाही, काही नाही," असं कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला आणि चढ चढून निघून गेला. ती हाक मारू शकली असती. पिशवी धरून उभी राहिली.

कारण ते तोंड तिने पाहिलेलं होतं. घरी, भिंतीवरून काढून कपाटात पालथ्या ठेवलेल्या फोटोत — तिच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाचा, केक, फुगे, बावीस वर्षं संसार केलेला नवरा अदिल्सन. सुरी खाली ठेवून ती त्याच्याकडे वळली, ओठ पुढे करून, आणि त्याच क्षणी त्याने कॅमेऱ्याकडे बघून झकास हसू काढलं. फोटोत तो हसतोय, आणि ती... तिचे ओठ त्याच्या कानापासून चार बोटांवर, डोळे मिटलेले, मान लांब. सगळे हसले. मीही हसले. मीच सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि मग मान आत घेतली, कासवासारखी, आणि ती आतच ठेवली. पुढच्या महिन्यात तो गेला. जाताना म्हणाला, तुझ्या अंगालासुद्धा यंत्राच्या तेलाचा वास येतो. मला वाटलं, असेल बाई, खरंच येत असेल. आणि इथं अकरा महिने मी दुसरा ग्लास उलटा करत आले ते काही मला तहान नव्हती म्हणून नाही. आणि एवढं सगळं ज्या मी स्वतःच्या तोंडाने भोगलं, त्याच मी, दुसऱ्या एका भल्या माणसाचं तोंड तसंच हवेत लटकत ठेवून पिशवी उचलली!

काळीज आणि जिलो आले. काटे दोन. तिने दुसरा काटा समोरच्या बाजूला ठेवला. कोपऱ्यावर पाच जणांनी गिटार आणि डफ काढले होते, पलीकडच्या टेबलावरचे लोक बसल्याबसल्या खांद्यांनी नाचायला लागले होते, उताराच्या गल्लीत रिकाम्या बाटल्या एका बाजूला कलून उभ्या होत्या, आणि मारिल्दाने पहिला घास घेतला. कडू. दुसरा घेतला.

ती तयारी करून आली होती. हॉटेलच्या आरशासमोर, ओले केस, अंगात बाहेर जायचा निळा ब्लाऊज — उजवा, डावा, उजवा. पहिल्यांदा नाक आरशावर आपटलं. काचेवर वाफेचे तीन ठसे. या वयात, मारिल्दा! पण मजा वाटली होती, खरी मजा, आणि चौथ्या-पाचव्या वेळी मान सैल पडली, एका बाजूकडून दुसरीकडे आपली आपण जायला लागली. पत्राचं ती नंतर सांगेल. दक्षिणेचं, शेवटच्या फेरीचं — सगळं नंतर. आधी ते तोंड खाली उतरवायचं, जे गेला महिनाभर हवेत आहे.

तो चढावरून येताना दिसला. उलट्या बाजूने, बाजाराकडून, हातात कागदाचं पुडकं. केस ओले, नीट विंचरलेले. आणि चालण्यात काहीतरी वेगळं — वाकलेला नव्हता. एखाद्या पोराने पाढा पाठ केलेला असावा आणि मास्तरांनी विचारायच्या आत म्हणून टाकायचं ठरवलेलं असावं, तसा तो थेट तिच्या टेबलाशी आला. तिच्या समोर सरळ ठेवलेल्या दुसऱ्या ग्लासावर त्याची नजर पडली, आणि अडखळली.

"शुभ संध्याकाळ, मारिल्दा."

"आलात."

ती उठली. त्याने पुढे होऊन गालाला गाल लावला — साबण, मिठाचं पाणी — एक पापा, आणि चटकन, अगदी कवायतीत मागे सरकावं तसा, मागे सरकला. ताठ. चेहऱ्यावर विलक्षण अभिमान.

"एकच," तो म्हणाला. "तुमच्याकडच्यासारखा. महिनाभर सवय केली. बहिणीवर, भाच्यांवर... सगळे म्हणतात वेडा झालास."

आणि तिने हे ऐकलं ते मान डावीकडे वळवलेल्या अवस्थेत, पुढे झुकून, दुसरा गाल पुढे केलेला. दुसऱ्यासाठी. हवेत.

 मग गल्ल्यावरून भोंगा फुटला — "अरे देवा! दोघांनी अभ्यास केला आणि दोघांनी एकमेकांचाच धडा पाठ केला!" — आणि हसू उसळलं, जुवेनाल फडक्यात तोंड खुपसून हसला, पलीकडच्या टेबलाने ग्लास आपटले, गिटारवाल्याने मुद्दाम एक मोठी तार छेडली. एवाल्दोच्या चेहऱ्यावरचा अभिमान विरघळला. त्याला आता कळत होतं काय झालं ते, कडेकडेने.

तिची मान आत यायला लागली. ओळखीची वाट होती ती, चार वर्षांची मळलेली — आधी हसायचं, सगळ्यांहून मोठ्याने, मग मान, मग पिशवी... पिशवी पायाशीच होती. हाताला लागली सुद्धा.

नाही.

ती थांबली. जिथं होती तिथंच. बुटांच्या चवड्यांवर, कंबरेतून पुढे, गाल वर. चांगली पंधरा अंश कललेली, आणि खाली कसलीही घडी नाही, आणि तरीही पडत नव्हती. हसू तिच्या आजूबाजूने वाहत होतं, अंगावरून जात होतं, आणि त्यात टोचणारं काहीच नव्हतं याचं तिला नवल वाटलं — हे तर फक्त लोक हसतायत, शुक्रवार आहे, ते खूश आहेत. फोटोत कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघत होतं. इथं समोरचा माणूस तिच्याकडे बघत होता, लालबुंद कानांनी, पुडकं छातीशी धरून, जिलोच्या पहिल्या घासाला तिच्या तोंडाकडे बघत होता तसा, वाट बघत.

बघू दे. कितीही वेळ घेऊ दे त्याने, तीन महिने घेऊ दे मान हलवायला. कंपनीला दक्षिणेला पाठवायचं तर पाठवू दे. तिच्या मानेला कसलीही घाई नव्हती, गालाला संध्याकाळचा वारा लागत होता आणि तो छान होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण कुठल्या कोनात उभ्या आहोत हे मोजावंसं वाटलं नाही.

"दोन राहिलेत, एवाल्दो," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्या फुटपाथाला ऐकू जाईल असं, आणि मान तिथंच ठेवली.