माझी एक रेघ

मी एक पट्टी बोलतेय. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून एचआयव्हीची चाचणी करतात, ती. राग आलाय, म्हणून बोलतेय.

लेसोथोच्या डोंगरातल्या एका लहान दवाखान्यात मला पाकिटातून बाहेर काढलं ते मोहाऊसाठी. खाणीतून सुटीवर निघालेला हा गडी वाटेत शहरात एका बाईकडे राहिला. निरोध फाटला. चौथ्या दिवशी, घरी जाण्याआधी, घाबरून इथे आला.

"न्ताते," नर्स पुलेंग त्याला आदरानं हाक मारत म्हणाली, "तीन दिवसांच्या आत आला असतात तर बचावाच्या गोळ्या देता आल्या असत्या. आता सहा आठवड्यांनी या, मग तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर बायकोजवळ निरोधाशिवाय जाऊ नका."

माझ्यावर एकच रेघ उमटली. म्हणजे काही सापडलं नाही. सापडेल कसं? मी विषाणू शोधत नाही. त्याच्याशी झुंजायला शरीर जे तयार करतं ते शोधते, आणि ते तयार व्हायला आठवडे लागतात. मका पेरून चौथ्या दिवशी कणीस मागायचं का?

मोहाऊच्या कानात 'एकच रेघ' तेवढी शिरली. पुलेंगची पाठ वळताच त्यानं मला खिशात घातलं.

घरी त्याची बायको माथातो तान्ह्या लेकीला, थातोला, पाजत होती. शहरातली कुजबुज त्याच्या आधीच घरी पोचली होती. त्यानं मला तिच्यापुढे नाचवलं. "बघ, मी स्वच्छ आहे. आता गप्प बस."

माझा तिळपापड झाला. मी कधी म्हटलं तो स्वच्छ आहे म्हणून?

"त्या बाईकडे कधी गेला होतास?" तिनं विचारलं. तो मला पुन्हा खिशात घालू लागला. तेव्हा मला काढून घेत ती सावकाश म्हणाली, "थातो पोटात असताना मलाही दवाखान्यात या चाचणीचं सगळं सांगितलंय. तुझी चूक मी एकवेळ गिळेन, पण माझ्या दुधातून पोरीला पाजणार नाही."

त्याचं घोंगडं तिनं दिराच्या खोपटात नेऊन टाकलं. सासूनं शिव्या घातल्या, शेजारणी हसल्या. ती बधली नाही. सहा आठवड्यांनी तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली, आणि मलाही नेऊन पुलेंगच्या हाती दिलं. नव्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे लागण झालेली; पुढच्या तपासणीतही तेच निघालं. मोहाऊ बाकावर बसून रडला. तिनं पाणी दिलं, पण जवळ बसली नाही.

आता तो विषाणूला दाबून ठेवणारी गोळी रोज घेतो. ती आणि थातो सुखरूप आहेत, तिच्या हट्टामुळे, माझ्यामुळे नव्हे.

पुलेंगनं मला कचऱ्याच्या डब्यात टाकलंय, उद्या जाळतील. जाळा खुशाल. पण धोका झाला तर त्याच दिवशी धावत या, गोळ्या मिळतील. चाचणीला सांगितल्या वेळी परत या. आणि चौथ्याच दिवशी काढलेल्या थेंबावरून माझी साक्ष काढून कुणा बाईला फसवू नका.